पाड्यावरच्या शाळेत काय शिकवायचे, हे कोणी ठरवायचे?

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कामाचा हिशेब वाचताना आपल्यापैकी अनेकांची नजर एका ओळीवर अडखळते. वह्या, दप्तरे, खाऊ, पावसाळी छत्र्या हे सगळे समजते. मग मध्येच ‘शिक्षकांच्या मासिक बैठका : प्रवासखर्च, चहा, कागद’ अशी ओळ येते. काही जण मला सरळ विचारतात, “बाई, बाजारात तयार शैक्षणिक संच मिळतात. एका पेटीत तक्ते, कार्डे, रोज काय शिकवायचे त्याचे पुस्तकही असते. शाळेला पेटी द्या. बैठकांवर पैसे कशाला?” प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे, म्हणून आज त्याचे उत्तर देते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पाठ्यपुस्तक आणि अभ्यासक्रम हे दोन शब्द आपण बरेचदा एकाच अर्थाने वापरतो. पाठ्यपुस्तक येते ‘बालभारती’कडून. ही संस्था १९६७ साली पुण्यात स्थापन झाली. कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे हे राज्य ठरवते आणि ते योग्यच आहे. पाड्यावरच्या मुलाला शहरातल्या मुलापेक्षा कमी शिकवण्याची मुभा कोणालाही असता कामा नये.

पण पुस्तक वर्गात पोचले की पुढचे प्रश्न सुरू होतात. कोणता धडा जुलैत घ्यायचा आणि कोणता जानेवारीत? बेरीज शिकवताना मोजायला काय घ्यायचे? घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातला शब्द कसा उलगडून सांगायचा? दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईवडिलांसोबत वीटभट्टीवर गेला, तर त्यांचे राहिलेले शिक्षण कधी भरून काढायचे? याची उत्तरे पुस्तकात नसतात आणि पेटीतही नसतात. ही उत्तरे शोधणे म्हणजेच त्या शाळेचा अभ्यासक्रम घडवणे.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही उत्तरे एकट्या मुख्याध्यापकाने देऊ नयेत आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञानेही देऊ नयेत. ती शिक्षकांनी मिळून शोधावीत. ज्या बाबतीत ज्याला अधिक कळते, त्या बाबतीत पुढारपण त्याच्याकडे द्यावे. मग तो वयाने किंवा पदाने लहान असला तरी चालेल.

याचा धडा घ्यायला लांब जायला नको. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्या ५३ वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे मोठे काम केलेले होते आणि माँटेसरी पद्धत त्यांना चांगली अवगत होती. त्यांच्या जोडीला आल्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तिथवर येईनात. मग बालवाडीच वस्तीत, घरांसमोरच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात कुठून आणणार? त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती आली.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेले. तिथे वेगळीच अडचण होती. मोठी मुले गुरे राखायला जात आणि मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. म्हणून शाळाच कुरणावर गेली. ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे बहिणीला भावंडासह शाळेत येता येईल. तिचे नाव विकासवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना नाव मिळाले ते ‘अंगणवाडी’च.

कुरणशाळेची कल्पना कार्यालयात बसून सुचण्यासारखी नाही, असे मला वाटते. सकाळी मुले कोणत्या बाजूला जातात हे जे रोज पाहतात, त्यांनाच ती सुचते. दुसरी गोष्ट अशी की ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, तरी कोसबाड थांबले नाही. अनुताईंनी ते पुढे चालवले आणि १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ ही नवी संस्थाही उभी केली. १९९२ मध्ये अनुताई गेल्या. पण तोवर कोसबाडला शिकून कितीतरी बालसेविका आपापल्या गावी कामाला लागल्या होत्या. काम एका व्यक्तीत साठवून ठेवले नव्हते, म्हणून ते पुढे जाऊ शकले.

आपल्या वसई तालुक्यातही असेच घडले. वीटभट्टीवर मजूर ज्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात. तिथल्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा काढल्या. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार आपल्या भागात असा दोनदा रुजला. पण शाळा भट्टीवर गेली तरी तिथे काय आणि कसे शिकवायचे, हे पुन्हा शिक्षकांनीच ठरवायचे असते.

आता आपल्या कामाविषयी सांगते. महामार्गाच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूच्या पाड्यांवरच्या पाच लहान शाळांशी आपण जोडलेले आहोत. बहुतेक ठिकाणी दोनच शिक्षक आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. अशा शाळेत शिक्षक फार एकटा पडतो. काही अडले तर विचारणार कोणाला? म्हणून महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पाचही शाळांचे शिक्षक आणि आपल्या अभ्यासवर्गांच्या ताई एकत्र बसतात. ही बैठक केंद्रावरच्या शिक्षण परिषदेला पर्याय नाही. तिथे शासनाच्या सूचना मिळतात, इथे त्या सूचना आपल्या मुलांपर्यंत कशा न्यायच्या याचा विचार होतो.

बैठकीचे चार नियम शिक्षकांनीच ठरवले आहेत. पहिला, अध्यक्ष दर महिन्याला वेगळ्या शाळेचा असतो. दुसरा, प्रत्येक घटकाला एक प्रमुख शिक्षक असतो. तो घटकाचा आराखडा मांडतो आणि बाकीचे त्याला मदत करतात, त्यात मुख्याध्यापकही आले. तिसरा, ठरलेली गोष्ट सहा आठवडे करून पाहायची आणि मग मुलांच्या वह्या टेबलावर मांडून बोलायचे. ‘मुलांना आवडले’ एवढे म्हणून भागत नाही. चौथा, सगळे एकाच वहीत हाताने लिहायचे : काय ठरले, कोणी करायचे, कधी तपासायचे.

एक उदाहरण देते. चौथी-पाचवीच्या गणितात हजार, गुणाकार आणि वजाबाकी येते. वार्षिक नियोजनात हा भाग दिवाळीनंतर होता. एका ताईंनी लक्षात आणून दिले की ज्या मुलांना हजाराचा हिशेब सगळ्यांत जास्त लागतो, ती नेमकी तेव्हा गावात नसतात. म्हणून तो भाग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणला. घटकाचे प्रमुखपण एका तरुण शिक्षकाकडे दिले. तो मानधनावर आहे आणि बैठकीत सगळ्यांत कनिष्ठ. पण त्याचे बालपण भट्टीवर गेले आहे.

त्याने उदाहरण केले वीटभट्टीचे. आपल्याला ठाऊक आहे, पावसाळा संपता संपता मालकाकडून बयाणा घेतला जातो. भट्टीवर गेल्यावर आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते आणि हंगाम संपल्यावर हजार विटांच्या दराने हिशेब होतो. त्याने आकडे मुद्दाम सोपे आणि काल्पनिक घेतले, कोणाच्या घरची गोष्ट वर्गात उघडी पडू नये म्हणून. विटा ६०,०००, हजारी दर ७०० रुपये, म्हणजे मजुरी ४२,०००. बयाणा १५,०००. खावटी आठवड्याला १,००० प्रमाणे २४ आठवड्यांची २४,०००. हाती राहिले ३,०००. मुलांनी ते करून दाखवले. मग पाचवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, अवकाळी पावसात भिजलेल्या विटा कोणाच्या नावावर?”

आमच्यापैकी कोणाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता. पुढच्या बैठकीत तो वहीत लिहिला गेला आणि घटकात एक पाठ वाढला : हिशेबाची वही कशी ठेवायची, रोजच्या विटा आणि भिजलेल्या विटा वेगळ्या कशा लिहायच्या. त्या हंगामात काही मुले अशी वही घेऊन भट्टीवर गेली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळते. त्याच्याबरोबर आमचे शिक्षक आता एक पानी चिठ्ठीही देतात. काय शिकून झाले आणि काय राहिले, हे त्यावर असते. मूल जिथे जाईल तिथल्या शिक्षकाने ती वाचावी, ही अपेक्षा.

हे सारे नेहमी गोडीगुलाबीने होते असे समजू नका. आमच्या बैठकीतला सर्वांत मोठा वाद झाला भाषेवरून. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सांगते की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम घरची भाषा, मातृभाषा असावे. तरुण शिक्षकांचे म्हणणे होते की पहिलीत बोलणे वारलीतच व्हावे आणि भिंतीवर वारली शब्द लिहावेत. एका ज्येष्ठ बाईंनी ठाम विरोध केला. त्यांनी मांडलेले कारण मी जसेच्या तसे सांगते. “मी या मुलांना हायस्कूलपर्यंत पोचवते. तिथे त्यांच्या बोलण्याला हसतात आणि आठवीत मुली शाळा सोडतात. तुम्ही त्यांना त्यांच्या बोलीत गोंजाराल, पण हसू झेलायचे त्यांनाच आहे.”

बंधू-भगिनींनो, या वाक्यावर हसण्याआधी आपण आपल्या घराकडे पाहू. आपल्यातल्या कितीजणांनी घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलत शाळेत पाऊल ठेवले आणि पहिली काही वर्षे तोंड मिटून काढली? त्या बाईंची भीती आपल्याला परकी नाही.

मुख्याध्यापकांनी फर्मान काढले असते तर वाद पाच मिनिटांत मिटला असता, आणि हरलेली बाजू वर्गात जाऊन आपल्याच मनासारखे करत राहिली असती. त्याऐवजी दोन शाळांनी एक वाट धरली, दोन शाळांनी दुसरी. सहा आठवड्यांनी वह्या आणि मुलांचे बोलणे दोन्ही समोर ठेवले. जिथे वारलीत बोलायला मोकळीक होती, तिथली पहिलीची मुले प्रश्न विचारत होती आणि चित्रावर पाच-सहा वाक्ये सांगत होती. हे बाईंनी स्वतः मान्य केले. पण त्यांचा मुद्दाही सोडला नाही. त्यांच्याच सुचवण्यावरून तिसरी-चौथीसाठी आठवड्यातून एक तास ठेवला. त्या तासाला प्रत्येक मूल वर्गासमोर उभे राहून प्रमाण मराठीत दोन मिनिटे बोलते. त्या तासाच्या प्रमुख आज त्याच बाई आहेत. विरोध करणाऱ्याच्या हाती त्याच्या काळजीचे काम सोपवले, म्हणून दोन्ही बाजूंचे खरे ते अभ्यासक्रमात आले.

मुख्याध्यापकांची एक शंका अगदी खरी होती. “कागदावर सही माझी, अधिकारी जाब विचारणार मला, मग निर्णय सगळ्यांचे कसे?” याचे उत्तर ती वही आहे. सही मुख्याध्यापकांचीच राहते. पण सहीमागे कोणी काय केले हे नावानिशी लिहिलेले असते. नेतृत्व वाटून घेणे म्हणजे जबाबदारी कोणाचीच नसणे नव्हे. उलट, पूर्वी एकाच्या डोक्यावर असलेले ओझे आता सातआठ जणांच्या नावावर असते. गेल्या वर्षी आमच्या पाचपैकी एका शाळेच्या मुख्याध्यापकांची बदली झाली. नव्या बाई जूनमध्ये आल्या, त्यांच्या हातात ती वही दिली आणि जुलैची बैठक ठरल्या दिवशी झाली. अन्यत्र मी असेही पाहिले आहे की एका हुशार शिक्षकाभोवती शाळा फुलली आणि त्याच्या बदलीनंतर वर्षभरात भिंतीवरची चित्रेच उरली.

भिंतीवरून आठवले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे नाव आपण ऐकले असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परत येऊन अनेक शाळांनी फरशांवर तशाच आकृत्या रंगवल्या. फरशी रंगवायला चार दिवस पुरतात. पण तिथल्या शिक्षकांनी एकत्र बसून, एकमेकांचे वर्ग पाहून जे कमावले, ते रंगाच्या डब्यातून आणता येत नाही. पेटीचेही तसेच आहे. पेटी वाईट नव्हे. शिक्षकांनी मागितली तर जरूर द्यावी. पण शिक्षकांनी विचार करण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

हा विचार आपल्याला नवा वाटू नये. निर्गमाच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसलेला आहे. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेम. त्यात दहा माणसांचा प्रमुखही मोजला आहे, याकडे मी तुमचे लक्ष वेधते. दोन शिक्षकी शाळेतली ताई म्हणजे तोच दहांचा प्रमुख.

आता आपण काय करू शकतो, ते सांगून थांबते.

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचा वेळही येतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण शिक्षकाच्या स्वतःच्या शिकण्यासाठी वर्षाला ५० तास सुचवते. म्हणजे विचार करणे आणि शिकणे हे शिक्षकाचे कामच आहे, फावल्या वेळचा उद्योग नाही. पण पाड्यावरून बैठकीला यायला रिक्षा किंवा टमटम लागते, ताईंचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो, छायाप्रतींना पैसे लागतात. हिशेबातली ती ओळ यासाठी आहे. ती कृपा करून कमी करू नका.

दुसरी विनंती आपल्यातल्या निवृत्त शिक्षक-शिक्षिकांना आहे. वसईच्या धर्मग्रामांत अशी माणसे घरोघरी आहेत. आपण बैठकीला या. पण पहिले तीन महिने मागच्या बाकावर बसा आणि ऐका. चौथ्या महिन्यात शिक्षक तुम्हाला आपणहून विचारतील, की अपूर्णांक तुम्ही कसा शिकवत होता.

तिसरी विनंती, वर्षाखेरीस आमच्याकडे फोटो मागण्याऐवजी ती वही मागा. अक्षर प्रत्येकाचे वेगळे आहे, काही ठिकाणी खाडाखोड आहे, एका पानावर चहाही सांडला आहे. पण तुमच्या पैशांतून मुलांच्या हाती काय पडले, ते त्यात तारखेनिशी सापडेल. पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आहे. या वेळचा विषय आहे मापन आणि प्रमुख आहेत दुसरीच्या ताई. ज्यांना यायचे आहे त्यांनी सभेनंतर माझ्याकडे नाव द्यावे. महामार्गापासून आत न्यायची व्यवस्था आम्ही करू.